पनामा: गातून तलावातील वन्यजीव आणि कालवा एकाच दिवसात पाहावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण पनामा सिटीला जात आहोत: मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून सध्या आमच्याकडे ह्यूस्टनला आलेले आई-बाबा. व्हिसाचे सोपस्कार पूर्ण झाले आहेत. मुक्काम शहरातच असून, जंगल आणि कालवा या दोन्हींसाठी मिळून आम्हाला एकच पूर्ण दिवस देता येईल.

तेथील बहुतेक सहल-व्यावसायिक साधारण एकाच साच्याचा कार्यक्रम देतात. सकाळी हॉटेलवरून गाडीने गांबोआच्या धक्क्यावर जायचे, तेथून छोट्या बोटीने गातून तलावात फेरी मारून माकडांची बेटे पाहायची, जेवण करायचे आणि परतताना मिराफ्लोरेस लॉकच्या (लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारे, दरवाजे असलेले कप्पे) प्रेक्षक-सज्ज्यात तासभर थांबायचे. सोबत इंग्रजी बोलणारा वाटाड्या असतो. वाचायला हे सोयीचे वाटते. परंतु अशा जोडसहलींत दोन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या पदरात पडतात, अशी शंका मनात आहे.

आमच्या घरातील ओढही दोन दिशांना आहे. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली असल्यामुळे दरवाजे, विसर्ग आणि पाणलोट हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत, आणि हा कालवा पाहण्याची त्यांची इच्छा फार जुनी आहे. मुलीला मात्र झाडांवर राहणारा संथ प्राणी स्लॉथ आणि मोठ्या चोचीचा पक्षी टूकन यांखेरीज काहीही नको आहे. आईला गुडघ्यांचा त्रास असल्याने जंगलात लांबवर चालणे तिला जमणार नाही. अशा परिस्थितीत ही जोडसहल घ्यावी, की बोटीने प्रत्यक्ष लॉकमधून जाण्याची जी सहल असते ती घ्यावी? बोटीतून वन्यजीव खरोखर दिसतात का? आणि काही जाहिरातींत माकडे पर्यटकांच्या खांद्यावर बसलेली दाखवतात, त्याबद्दल जाणकारांचे मत काय आहे?

रानपाखरू

प्रथम शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण सहल निवडण्याची सर्वांत सोपी कसोटी त्यातच आहे. ज्या जाहिरातीत माकड पर्यटकाच्या खांद्यावर बसलेले दिसते, ती सहल घेऊ नये. पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडे हुशार असतात; कोणती बोट केळी आणि द्राक्षे घेऊन येते हे ती लवकर शिकतात, आणि मग खाणे न देणाऱ्या बोटीवरही उडी घेऊन हातातील वस्तू ओढू लागतात. माणसाचे आजार त्यांना होतात आणि त्यांच्या चाव्यातून आपल्याला धोका संभवतो, हे वेगळेच. नोंदणी करण्यापूर्वी "आपला नावाडी माकडांना खाऊ घालतो का?" असे सरळ विचारावे. जो वाटाड्या ठाम नकार देतो, तो सहसा बाकीच्या बाबतींतही चांगला असतो.

आता बोटीतून काय दिसते, याविषयी. गातून तलाव हा निसर्गनिर्मित तलाव नाही. चाग्रेस नदीवर धरण घालून १९१३ साली तिचे खोरे बुडवले गेले, आणि खोऱ्यातील टेकड्यांचे माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले. आज ज्यांना आपण बेटे म्हणतो ते हे माथे होत. त्यामुळे येथे काठाला वाळूचा पट्टा नसतो, तर जंगल थेट पाण्यात उतरते आणि बोट झाडांच्या फांद्यांखालून जाऊ शकते. आपल्या आईंसारख्या व्यक्तीला चालण्याचे कष्ट न घेता झाडाच्या शेंड्यावरचे प्राणी दिसण्याची याहून चांगली सोय क्वचितच मिळेल. कापुचिन आणि हाउलर ही माकडे, काठावर ऊन खात पडलेले इग्वाना, अमेरिकी मगर, पाणथळीतल्या गोगलगाई वेचून खाणारा स्नेल काइट हा शिकारी पक्षी, आणि नशिबाने साथ दिली तर लहानखुऱ्या बांध्याचे टॅमरिन माकड, एवढे पाहण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. हाउलर दिसण्याआधी ऐकू येतात. त्यांचा आवाज दोन-तीन किलोमीटरवरून पोहोचतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो माकडाचा आहे असे पटत नाही.

स्लॉथबद्दल मात्र मुलीची थोडी मानसिक तयारी करून ठेवावी. तो दिसतो तेव्हा पुष्कळदा सेक्रोपियाच्या झाडावर, पानांच्या आडोशाला, करड्या गाठोड्यासारखा दिसतो. तीन बोटांचा स्लॉथ साधारणतः आठवड्यातून एकदाच शौचासाठी जमिनीवर उतरतो. उरलेला काळ तो वरच असतो आणि अत्यंत मंद हालतो. म्हणूनच वाटाड्याकडे तिपाईवर लावायची दुर्बीण असणे हे त्याच्या इंग्रजीपेक्षा महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी हा कोरड्या ऋतूतला महिना असल्यामुळे काही झाडांची पाने झडलेली असतात आणि शोधणे थोडे सोपे जाते. त्याच काळात उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले वटवटेही तेथे असतात.

टूकनसाठी सकाळ हवी. तोंडवळ्यावरून आपल्याला तो धनेशाचा नातलग वाटतो, परंतु प्रत्यक्षात तो तांबट आणि सुतार यांच्या कुळाला जवळचा आहे; मोठ्या चोचीचे साम्य हे फळे खाण्याच्या सवयीतून दोन खंडांत स्वतंत्रपणे आलेले आहे. मुलीने घराच्या आवारातला तांबट पाहिला असेल, तर हे तिला अवश्य सांगावे.

केवळ पक्ष्यांसाठी जाणारा माणूस तलावात न जाता सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानातील पाइपलाइन रोडवर जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलवाहिनीसाठी केलेला हा रस्ता गांबोआपासून सुरू होतो, आणि त्यावर ४०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आपल्याला तो पूर्ण चालायचा नाही. पण वाटाड्या तयार असेल तर बोटीपूर्वी पाऊण तास त्याच्या तोंडाशी थांबावे. पानकापू मुंग्यांची रांग लहान मुलांना टूकनपेक्षाही अधिक काळ खिळवून ठेवते, असा माझा अनुभव आहे.

तलावातच बारो कोलोराडो नावाचे मोठे बेट आहे. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखलेले असून आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. तेथील ५० हेक्टरांच्या एका तुकड्यातील एक सेंटिमीटरहून जाड असे प्रत्येक झाड मोजून त्याची वेळोवेळी नोंद ठेवली जाते. आपल्याकडे मुदुमलाईच्या जंगलात याच पद्धतीचा तुकडा आखलेला आहे. बेटावर जाण्यासाठी वेगळी पूर्वनोंदणी लागते, आणि तेथील डोंगरवाट गुडघ्यांना झेपणारी नाही. त्यामुळे आपण ते बोटीतूनच पाहावे.

इंजिनरूम

मी व्यापारी जहाजांवर अभियंता होतो आणि हा कालवा नोकरीच्या निमित्ताने दोन्ही दिशांनी ओलांडला आहे. रानपाखरू यांनी जंगलाविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी आपल्या वडिलांच्या बाजूने लिहितो.

मूळ शंकेबद्दल माझे मत असे आहे की येथे जंगल आणि कालवा या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. सुएझप्रमाणे दोन समुद्रांमध्ये खोदलेला सपाट चर, अशी कल्पना फ्रेंचांनी १८८१ मध्ये काम सुरू करताना केली होती. सुएझ कालवा काढणाऱ्या द लेसेप्स यांच्या कंपनीचे १८८९ मध्ये दिवाळे निघाले, तोवर पीतज्वर, हिवताप आणि कोसळत्या दरडी यांनी सुमारे २२,००० माणसांचा बळी घेतला होता, असा अंदाज दिला जातो. अमेरिकनांनी १९०४ मध्ये काम हाती घेतल्यावर काही काळाने डोंगर समुद्रसपाटीपर्यंत खोदण्याचा विचार सोडून दिला. त्यांनी नदी अडवून तलाव वर चढवला आणि जहाजालाच तलावापर्यंत उचलण्याची योजना केली. अटलांटिकच्या बाजूला गातून येथे तीन टप्प्यांत जहाज २६ मीटर वर चढते, तलावातून आणि कुलेब्राच्या खिंडीतून जाते, मग पेद्रो मिगेलला एका टप्प्यात आणि मिराफ्लोरेसला दोन टप्प्यांत पॅसिफिकच्या पातळीला उतरते. सुमारे ८० किलोमीटरच्या या मार्गाचा मोठा भाग म्हणजे तो तलावच. आपली बोट ज्या पाण्यात माकडे पाहत फिरेल, त्याच पाण्यातून काही अंतरावर हजारो कंटेनर लादलेले जहाज जात असेल.

बाबांना सर्वांत आवडेल ती गोष्ट अशी की लॉक भरण्यासाठी किंवा रिकामे करण्यासाठी कोठेही पंप नाही. भिंतींत आणि तळाखाली असलेल्या भुयारी नाल्यांच्या झडपा उघडतात, आणि पाणी केवळ उताराने वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाते. ३०४.८ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद असा कप्पा आठ-दहा मिनिटांत भरतो. दरवाजे दोन मीटरहून अधिक जाडीचे, पोलादी आणि आतून पोकळ आहेत. पोकळीमुळे पाण्यात त्यांचे वजन बिजागऱ्यांवर फारसे येत नाही, म्हणूनच एवढा अवाढव्य दरवाजा लहानशा मोटरने हलवता येत असे. आता मोटरींच्या जागी द्रवदाबाची यंत्रणा आहे, परंतु दरवाजे त्याच जुन्या घडणीचे आहेत. त्यांपैकी सर्वांत उंच जोडी मिराफ्लोरेसच्या समुद्राकडील टोकाला आहे. पॅसिफिकच्या भरती-ओहोटीत कित्येक मीटरांचा फरक पडतो, तर कॅरिबियनच्या, म्हणजे अटलांटिकच्या, बाजूला तो अर्ध्या मीटरच्या आतच राहतो, हे त्यामागचे कारण. सज्ज्यात उभे राहून हे ओळखण्याचे काम बाबांवर सोपवावे.

आता पाणलोटाबद्दल. जुन्या लॉकमधून एक जहाज पार होते तेव्हा तलावातील सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. २६ जून २०१६ रोजी सुरू झालेल्या नव्या, अधिक रुंद लॉकना बाजूचे साठवण-हौद जोडले आहेत आणि त्यांत सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. तरीही तूट भरून निघायला पाऊसच लागतो. शिवाय पनामा सिटी आणि कोलोन या शहरांचे पिण्याचे पाणीही याच व्यवस्थेतून येते. २०२३ मध्ये एल निन्योमुळे पाऊस कमी झाला, तेव्हा एरवी रोज ३६ ते ३८ जहाजे जात, ती संख्या २४ च्या आसपास आणावी लागली आणि जहाजांचा डुबाव (जहाज पाण्यात किती खोल बुडते ते माप) १५.२ मीटरवरून १३.४ मीटरपर्यंत मर्यादित केला गेला. चाग्रेसच्या वरच्या खोऱ्यातील जंगल राखून ठेवण्यामागे ही गरज आहे. उतारांवरची माती धरून ठेवली नाही, तर तलाव गाळाने भरेल. शिवसागराभोवती कोयनेचे अभयारण्य का आहे हे ज्यांनी नोकरीत अनुभवले असेल, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बुडालेल्या गावांचा विषयही त्यांना परका वाटणार नाही. गोर्गोना, जुने गातून अशी चाग्रेसकाठची नांदती गावे तलावासाठी उठवली गेली, आणि आता इंदिओ नदीवरील प्रस्तावित धरणालाही तेथील गावकऱ्यांचा विरोध आहे.

या कारणांमुळे मी अर्ध्या कालव्याची बोटसहल सुचवीन. ती सहसा गांबोआपासून पॅसिफिकच्या बाजूला जाते आणि चार-पाच तासांत कुलेब्राची खिंड, पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस यांतून नेते. सज्ज्यातून लॉक पाहणे आणि लॉकच्या तळाशी बोटीत बसून बाजूची ओली भिंत वर सरकताना पाहणे, यांत फार मोठा फरक आहे. जहाजावर असताना आम्ही हे सारे उंचावरून पाहत असू. कालव्याचा पायलट येथे केवळ सल्ला देत नाही, तर जहाजाचा संपूर्ण ताबा घेतो, आणि दोन्ही बाजूंनी दोर धरून चालणारी विजेची इंजिने जहाज मधोमध राखतात. त्या इंजिनांना तेथे खेचरे म्हणतात.

जाता जाता एक गंमत: नकाशा न पाहता बाबांना विचारा की कालव्याचे पॅसिफिकचे तोंड पूर्वेला आहे की पश्चिमेला. अटलांटिककडून निघालेले जहाज आग्नेयेला जाते आणि पॅसिफिकचे तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला पडते.

पनामावासी

मी नोकरीमुळे पनामा सिटीत राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन हे दोन्ही कार्यक्रम केले आहेत. इंजिनरूम यांच्या माहितीबद्दल शंका नाही, पण त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. अर्ध्या कालव्याच्या सहली रोज नसतात. त्या ठरावीक वारी, बहुधा शनिवारी, निघतात. त्या बोटी मोठ्या असतात आणि भर प्रवाहातून जातात, त्यामुळे काठाच्या झाडांतले काहीही दिसत नाही. लॉकमध्ये कोणत्या मोठ्या जहाजाबरोबर आणि किती वाजता शिरायचे हे कालव्याचे अधिकारी ठरवतात. म्हणून वाट पाहण्यात दोन तास उन्हात गेले तरी कुरकुर करून उपयोग नसतो. बाबा एकटे असते तर मीही तेच सुचवले असते. दहा वर्षांच्या मुलीसाठी तो दिवस कंटाळवाणा होईल.

जोडसहलच घ्यावी, परंतु वेळापत्रक तपासून घ्यावे, कारण बहुतेक सहली नेमक्या तेथेच कमी पडतात. मिराफ्लोरेसच्या जुन्या लॉकमधून साधारणपणे सकाळी जहाजे पॅसिफिककडून अटलांटिककडे चढतात आणि दुपारनंतर उलट दिशेने उतरतात. मधल्या काळात, म्हणजे अकरा ते दोनच्या सुमारास, कप्पे पुष्कळदा रिकामे असतात. ज्या सहली जेवण आटोपून साडेबाराला सज्ज्यात पोहोचवतात आणि दीडला गाडीत बसवतात, त्यांतील लोक दोन बंद दरवाजे आणि एक चित्रपट पाहून परत येतात. आपण पहाटे निघून साडेसातच्या आत गांबोआला पोहोचावे. शहरापासून हे अंतर तीसेक किलोमीटर आहे. अकरापर्यंत तलाव, मग गांबोआतच सावकाश जेवण आणि दोननंतर मिराफ्लोरेस, असा क्रम ठेवावा. गांबोआच्या हिरवळींवर अगूती आणि कधी कधी कॅपिबारा हे उंदराच्या कुळातले मोठे प्राणी चरताना दिसतात, म्हणजे तो वेळही वाया जाणार नाही. ठरलेल्या गटसहलीत हा बदल सहसा करून देत नाहीत. आपण पाच जण आहात, तर वेगळी गाडी आणि वेगळा वाटाड्या घेणे थोडे महाग पडले तरी परवडेल.

आईंसाठी दोन गोष्टी सांगतो. धक्क्यावरून बोटीत उतरताना एक मोठी पायरी असते आणि बोट हलत असते. नावाड्याला आधीच सांगून ठेवले तर तो बोट नीट बांधून हात देतो. मोठे जहाज जवळून गेल्यावर लाटा येतात, म्हणून त्यांना मागच्या बाजूला बसवावे, तेथे धक्के कमी लागतात. मिराफ्लोरेसच्या इमारतीत लिफ्ट आहे, परंतु सज्ज्याच्या कठड्याजवळ जहाज आल्यावर गर्दी होते. आवाज ऐकू येण्यापूर्वीच जागा धरावी.

फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नसतो, वारा मात्र असतो, आणि तलावात ऊन पाण्यावरून परतून चेहऱ्यावर येते. टोपीला बंद हवा. काही व्यावसायिक त्याच दिवसात चाग्रेसच्या वरच्या अंगाचे एम्बेरा या आदिवासी लोकांचे गावही दाखवतो म्हणतात. त्याला नकार द्यावा. ते गाव पाहायचे तर त्यासाठी वेगळा दिवसच हवा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगळी गाडी घेऊन, सकाळी तलाव आणि दोननंतर मिराफ्लोरेस हा क्रम आम्ही निश्चित करत आहोत. बाबांनी हे सारे वाचले असून दरवाज्यांच्या उंचीवरून त्यांचे गणित सुरू झाले आहे. एक शंका राहते. पीतज्वराची लस आई-बाबांना घ्यावी लागेल का? दोघांचेही वय सत्तरीच्या आसपास आहे, आणि एप्रिलमध्ये ते भारतात परतणार आहेत.

इंजिनरूम

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भारत सरकारच्या यादीत पनामा हा पीतज्वराचा देश गणला जातो. तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो प्रवासी लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरतो, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि ते आता आयुष्यभर चालते. आपले आई-बाबा फेब्रुवारीत ह्यूस्टनला परतून एप्रिलमध्ये भारतात जाणार असतील, तर मधले अंतर सहा दिवसांहून कितीतरी जास्त असल्यामुळे ही अट त्यांना लागू होणार नाही. मात्र पारपत्रावरील पनामाचे शिक्के पाहून विमानतळावर प्रश्न विचारला गेल्यास दाखवता यावीत, म्हणून पनामाहून परतल्याची तिकिटे जपून ठेवावीत. हे वाचणाऱ्या ज्या कोणाला पनामाहून थेट मुंबई गाठायची असेल, त्यांनी लस निघण्यापूर्वीच घ्यावी.

वैद्यकीय बाजू याहून वेगळी आहे. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण वाढते, म्हणून गरज नसताना ती घेऊ नये असे डॉक्टर सांगतात. पीतज्वराचा धोका मुख्यतः कालव्याच्या पूर्वेकडील डारिएनच्या जंगलपट्ट्यात मानला जातो, शहर आणि कालव्याचा परिसर यांत नव्हे. ही स्थिती आपोआप आलेली नाही. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत सिद्ध केला, पीतज्वराचा संबंध क्यूबात सिद्ध झाला, आणि हे ज्ञान हाती घेऊन अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्या पथकांनी पनामात डबकी बुजवली, पाण्यावर तेल ओतले, पिंपांवर झाकणे आणि खिडक्यांना जाळ्या बसवल्या. १९०५ च्या अखेरीस पनामा शहरातून पीतज्वर हटला. तरीही कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला होईपर्यंत अमेरिकी काळात रोग आणि अपघात यांनी ५,६०९ माणसे दगावली, आणि त्यांत बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर सर्वाधिक होते. मिराफ्लोरेसच्या दालनात त्यांची छायाचित्रे पाहायला मिळाली, तर जहाजाची वाट पाहतानाचा वेळ तेथे घालवावा.

लसीविषयी अंतिम निर्णय आई-बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. डेंग्यू पनामात आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम बोटीत चढण्यापूर्वीच लावलेले असावे.